खंडेनवमीला उघडलेला मीटर

तुमच्या घरात एखादी वस्तू बिघडली, तर तुम्ही आधी काय करता? ती वस्तू उघडून बघता, की ती वापरणाऱ्या माणसाकडे बघून मान हलवता?

प्रश्न टोचणारा आहे, ठाऊक आहे. टोचावा म्हणूनच विचारला. आमच्या घरात गाडीच्या मीटरमधला एक बल्ब जळाला आणि निकाल आईवर लागला.

बल्ब केवढा, तर सालं काढलेल्या शेंगदाण्याएवढा. त्याचं काम एवढंच, की दिवे लावल्यावर मीटरच्या डाव्या बाजूला मागून उजेड पाडायचा. तिथे दोन काटे असतात, एक पेट्रोलचा आणि एक इंजिनाच्या उष्णतेचा. बल्ब गेला म्हणून काटे थांबत नाहीत, ते आपले चालूच राहतात. फक्त अंधार पडल्यावर दिसत नाहीत.

आई आठवड्यातून तीन संध्याकाळी बनशंकरीच्या आमच्या घरून शहरातल्याच जयनगरला जाते. तिथे एका देवळामागच्या खोलीत घरकाम करणाऱ्या बायकांचा वर्ग भरतो आणि आई त्यांना कन्नड वाचायला शिकवते. इचलकरंजीहून लग्न होऊन आलेली ही बाई. इथली अक्षरं तिने बसच्या पाट्यांवरून एकेक करून जुळवली, आणि आता इथल्याच बायकांना त्यांची लिपी शिकवते, याचं आमच्या नातेवाइकांना हसू येतं. आईला येत नाही. ती म्हणते, "मला ज्या वयात अडलं त्याच वयात त्यांना अडलंय. मला आठवतं कुठे अडतं ते."

त्या बायका शेवटच्या घरची भांडी आटोपून येतात, म्हणजे वर्ग सुरू व्हायलाच दिवेलागण होते. संपल्यावर आई त्यांच्यातल्या तिघींना घरापाशी सोडते. त्यांच्या गल्लीत बस जात नाही आणि रिक्षावाले यायला कुरकुरतात. आईची गाडी आहे, एवढ्या एका भरवशावर त्या तिघींना घरचे वर्गाला पाठवतात. गाडी बंद झाली तर तिघींचं येणं बंद. हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे जे झालं ते हे माहीत असूनच झालं.

एका संध्याकाळी परत येताना भर सिग्नलवर गाडी थांबली. पेट्रोल संपलं होतं. आमची गाडी जुनी, वांगी रंगाची आणि लहान. तिच्यात पेट्रोल संपत आल्याचा वेगळा दिवा नाही. मागे हॉर्न सुरू झाले. तिघी खाली उतरल्या, पदर खोचले आणि गाडी ढकलत कडेला घेतली. आईने अण्णाला फोन केला. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो पेट्रोल घेऊन गेला.

"आई, काटा बघायचा असतो," तो म्हणाला.

"दिसला नाही रे," आई म्हणाली.

ती बोलली एवढंच. पण घरी येईपर्यंत त्या वाक्याला पाय फुटले. जेवताना अण्णा अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सांगत होता, "आईला काटा दिसत नाही." दुसऱ्या दिवशी तो मल्लेश्वरमच्या आत्याला फोनवर सांगत होता, "अंधारात तिला आता दिसत नाही गं." आठवडा सरला तेव्हा आत्याच आईला समजावत होती, "वहिनी, वय कुणाला चुकलंय? स्वल्प आराम करा की."

आईने चष्मा नुकताच बदलला होता. डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. ते कुणाला आठवलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आईलाही पटायला लागलं. पुढच्या वर्गाला ती रिक्षाने गेली. तिघी आल्याच नाहीत. परत आल्यावर वर्गाच्या पाट्या खाली ठेवत म्हणाली, "माझंच लक्ष नसेल."

माझी आई अशी बोलत नाही. तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून सांगते. तिचे वडील यंत्रमागावर काम करायचे आणि रात्रपाळी संपवून कामगारांची पत्रकं वाटायचे. आई ती पत्रकं घेऊन सासरी आली, लोखंडी पेटी भरून. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. बाराखडीच्या पुस्तकात कमळ आणि गवत होतं. पत्रकांत पगार होता, पाळी होती, हक्क होता. पाठची बाजू कोरी असे, तिच्यावर मी चित्रं काढायची. माझं हस्ताक्षर आजही मथळ्यासारखं ठसठशीत येतं आणि लोक म्हणतात, तू ओरडून लिहितेस. लिहीन. हळू बोललेलं आमच्या घरात कुणाला ऐकू गेलं असतं, तर मीही हळू लिहिलं असतं.

तर अशा बाईने "माझंच लक्ष नसेल" म्हटलं. मी किल्ली घेतली, खाली गेले, गाडीत तिच्या जागी बसले आणि दिवे लावले. उजव्या बाजूला वेगाचा काटा पिवळ्या उजेडात स्वच्छ दिसत होता. डावी बाजू काळीकुट्ट. माझे डोळे पंचविशीचे आहेत. मलाही काही दिसलं नाही.

वर आले आणि सांगितलं, बल्ब गेलाय.

"असेल," अण्णा म्हणाला. "पण प्रश्न बल्बचा नाहीये."

"मग कशाचा आहे?"

"तू लगेच पत्रक काढू नकोस. मी गाडी दाखवून आणतो."

त्याने खरंच दाखवली, तेवढं त्याचं श्रेय त्याला देते. मीही बरोबर गेले. सर्व्हिस सेंटरच्या वातानुकूलित खोलीत, गळ्यात ओळखपत्र घातलेल्या माणसाने पडद्याकडे बघतच सांगितलं, की सुटा बल्ब बदलत नाहीत, अख्खा मीटर बदलावा लागेल. या मॉडेलचा मीटर आता येत नाही. मागवता येईल, पण कधी येईल सांगता येणार नाही.

"बल्ब गेलाय," मी म्हटलं. "मीटर चालू आहे."

"मॅडम, युनिट सील्ड आहे."

"कुणी सील केलं?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला, मग अण्णाकडे वळला आणि त्याच्याशी बोलू लागला. सर, दसऱ्याच्या ऑफर चालू आहेत. जुनी देऊन टाका. आईसाहेबांना आता गाडी कशाला, एक फोन केला की कॅब दारात.

अण्णाला ते पटलं. तो वाईट माणूस नाही. त्याने एक गिऱ्हाईक शोधलं, त्याच्याच ऑफिसातल्या कुणाचा तरी मेव्हणा, नुकता नागपूरहून आलेला. पहिली गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावरच घ्यायची अशी त्याच्या घरच्यांची इच्छा होती. दसऱ्याला सकाळी येऊन गाडी घेऊन जायचं ठरलं. गाडी आईच्या नावावर होती. तिने फक्त सही करायची होती.

"बघू," आई म्हणाली.

आणि अप्पा? अप्पांबद्दल सांगायलाच हवं, कारण ऐकणाऱ्याला वाटेल की या घरात हत्यारं धरणारं कुणी नव्हतं. अप्पांचं अख्खं आयुष्य यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात गेलं. फिटर. घरात त्यांची पत्र्याची पेटी आहे. तिच्यातला एकेक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला असतो आणि पेटीला त्यांच्याखेरीज कुणी हात लावत नाही. मी त्यांना म्हटलं, अप्पा, तुम्ही उघडा ना.

"मी फिटर," अप्पा म्हणाले. "वायरिंग इलेक्ट्रिशियनचं काम. ज्याचं त्यानं करावं."

कारखान्यात तसंच होतं. फिटर तारेला हात लावत नसे, इलेक्ट्रिशियन नट फिरवत नसे. त्यावरून एकदा अख्खी पाळी बंद पडली होती म्हणे, आणि अप्पा ती गोष्ट अभिमानाने सांगतात. त्या नियमामागे कधीतरी कारण होतं, दुसऱ्याच्या पोटावर पाय यायला नको. मी पत्रकांवर वाढलेय, मला ते कळतं. पण आमच्या फाटकाआड उभ्या असलेल्या गाडीत कोणता इलेक्ट्रिशियन आपल्या पाळीची वाट बघत बसला होता?

तेव्हा ठरवलं, मीच करणार. एका मल्याळी माणसाचा व्हिडिओ सापडला. गाडी आमचीच, रंग वेगळा. तो काय बोलत होता ते एक अक्षर कळलं नाही, पण हात दिसत होते. वरचं प्लास्टिकचं झाकण, दोन स्क्रू. मग मीटरचे स्क्रू. मीटर पुढे ओढायचा, मागचे प्लग दाबून काढायचे, बल्बची वाटी पाव फेरा फिरवायची. बल्ब बाहेर. सील कुठेच नव्हतं. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, सील शोधत.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बल्ब आणायला जे. सी. रोडला गेले. सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून, आणि त्या दिवशी प्रत्येक दुकानापुढे केळीचे खांब, झेंडूचे ढीग, पूजेचे कोहळे. दुकानदाराने मला बघून आधी माझ्या मागे बघितलं.

"मेकॅनिक कुठाय, अक्का?"

"मीच."

"ड्रायव्हर?"

"आई."

तो आत ओरडला, "मीटर बल्ब, एलईडी," आणि मला म्हणाला, "एलईडी न्या. साधा परत जळतो. हा तुमच्या लग्नापर्यंत टिकेल."

"मग फारच टिकेल," मी म्हटलं.

तो हसला आणि पुडीवर एक झेंडूचं फूल ठेवून दिलं. त्या दिवशी सगळ्यांनाच देत होता.

इथे माझी घोडचूक झाली. ती चूक फक्त आमच्यासारख्या घरातलं माणूस करू शकतं. मी बल्ब आणला, व्हिडिओ पाठ केला, दसऱ्याच्या सकाळी गिऱ्हाईक येणार त्याच्या आत काम उरकायचं ठरवलं. मधला दिवस कोणता ते विसरले.

मधला दिवस खंडेनवमी. इथल्या भाषेत आयुधपूजा. सकाळी उठून बाहेर आले तर हॉलमध्ये पाटावर लाल कापड आणि त्यावर अप्पांची अख्खी पेटी मांडलेली. पाने आकाराने लावलेले, पक्कड, हातोडी, सगळे स्क्रू ड्रायव्हर, शेजारी आईची कात्री, विळी, वर्गाचे खडू, अण्णाचा लॅपटॉप. सगळ्यांना हळद, कुंकू, शेवंती. खाली गाडी धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर गंधाची बोटं, चाकांखाली लिंबं. अप्पा सोवळं नेसून कोहळा फोडायच्या तयारीत.

आणि नियम ठरलेला. पूजेला लागलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. कारखान्यात त्या दिवशी एकही यंत्र सुरू होत नसे.

"अप्पा, एक स्टार स्क्रू ड्रायव्हर हवाय. आणि दहाचा पाना."

"उद्या."

"उद्या गाडी नसेल."

"मग नको," अप्पा म्हणाले. हा विनोद नव्हता.

"आज हत्यारांना सुट्टी असते," अण्णा म्हणाला. तो माझी समजूत घालत होता. "वर्षातून एक दिवस."

"आणि आईला तुम्ही कायमची देताय, ती?"

आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं असणार, कारण आतलं वाटण थांबलं.

मी उसनं मागायला बाहेर पडले. एक स्क्रू ड्रायव्हर, त्यात काय, गल्लीत पन्नास असतील. तळमजल्यावरच्या अक्कांनी दार उघडलं, हातात आरतीचं तबक. स्क्रू ड्रायव्हर आहे, पण पूजेत आहे. इवत्तु बेडा, आज नको, उद्या घेऊन जा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं दुकान हार घालून बंद. समोरच्या घरात दोघं तरुण राहतात, पुण्याचे, आयटीतले. मला वाटलं, यांच्याकडे तरी पूजाबिजा नसेल. नव्हतीच. स्क्रू ड्रायव्हरही नव्हता. "आम्ही ॲपवरून माणूस बोलावतो," एक जण म्हणाला. "आज कुणी येत नाहीये पण."

सगळ्या गल्लीतली हत्यारं पाटावर बसली होती आणि मी एका फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरसाठी दारोदार फिरत होते. शेवटी सुरीचं टोक लावून बघितलं. सुरी घसरली, प्लास्टिकवर चरा उठला.

"झालं समाधान?" खिडकीतून अण्णा म्हणाला. "पत्रक वाटून बल्ब लागत नाही."

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. वर गेले आणि पाटासमोर उभी राहून अप्पांना जे सांगायचं ते सांगितलं. हत्याराचा मान ते वापरण्यात आहे. ज्या दिवशी त्याची खरी गरज आहे त्याच दिवशी त्याला फुलांखाली दडवायचं, ही पूजा नाही. तुमच्या नियमाने एक बाई घरात बसणार आहे आणि तीन बायकांचं वाचणं बंद होणार आहे, आणि तरी तुम्हाला शेवंती हलेल याची काळजी आहे.

अप्पांचा चेहरा पडला होता, आणि ते मला दिसलं. तरीही मी थांबले नाही. हे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही.

तेव्हा आई आतून आली. हात पदराला पुसले. पाटासमोर बसली, नमस्कार केला. मग शेवंतीचं फूल बाजूला ठेवलं, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि दहाचा पाना उचलला.

"अगं," अप्पा म्हणाले.

"माझ्या माहेरी मागाची पूजा व्हायची," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, फार दिवसांनी नेहमीसारखा. "पूजा झाली की माझे बाबा धोटा घालून माग सुरू करायचे, दोन धागे विणायचे आणि मग माग बंद करायचे. पूजा लागली का ते बघायला. न चालवता कसं कळणार?"

"तुमच्याकडे तसं असेल."

"हो. लग्नात मी पण आले होते की, माझी पद्धत घेऊन. तुम्ही तुमची आत्तापर्यंत पाळलीत. आज एकदा माझी."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे. पण ते हो नव्हतं, नाहीही नव्हतं.

आम्ही दोघी खाली गेलो. ऊन कलतं होतं. बॉनेट उघडायला हार काढावा लागला, तो आईने स्वतःच्या गळ्यात अडकवला, ठेवायला स्वच्छ जागा नव्हती म्हणून. दहाच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. मग मीटरवरच्या झाकणाचे दोन स्क्रू. कुंकवाने माझी बोटं निसटत होती. झाकण निघालं. मीटरचे स्क्रू निघाले. मीटर पुढे ओढला, तो बोटभर आला आणि अडला. मागून तारा खेचत होत्या. माझा हात आत जाईना.

"सरक," आई म्हणाली.

ती तिच्या जागी बसली, स्टिअरिंगसमोर. तिचे हात लहान आहेत. बांगड्या काढून तिने माझ्या हातात दिल्या, मीटरच्या मागे हात घातला, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपू लागली. मी व्हिडिओतलं सांगत होते. "एक खटका असेल. दाबून ओढ." टक. "दुसरा." टक. मीटर मोकळा होऊन तिच्या मांडीवर आला. मागच्या बाजूला बल्बच्या वाट्या होत्या, बटणांसारख्या. डाव्या काट्यांमागची तिने पाव फेरा फिरवून काढली. आतला बल्ब आतून काळा पडला होता.

ती तो बल्ब उजेडात धरून बघत राहिली.

"हा होय," ती म्हणाली.

एवढंच. पण त्या दोन शब्दांसाठी मी अख्खी गल्ली पुन्हा फिरले असते.

नवा बल्ब वाटीत बसवला. व्हिडिओतला माणूस बंद करायच्या आधी लावून बघतो, म्हणून आम्हीही प्लग जोडले, बॅटरीची तार लावली, दिवे लावले.

उजवी बाजू उजळली. डावी काळीच.

वाटी काढली, पुन्हा बसवली. काळीच. अण्णा फाटकापाशी येऊन उभा होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. आईचे हात मांडीवर आले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिथे परत ते येताना दिसलं, माझंच काहीतरी. माझंच लक्ष नसेल. मी मनात दुकानदाराला, सर्व्हिस सेंटरला, सगळ्यांना शिव्या घालत होते आणि पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

वरून आवाज आला. अप्पा गॅलरीत उभे होते, सोवळ्यातच. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"साधा बल्ब आहे की एलईडी?"

"एलईडी."

"मग त्याला उलटसुलट असतं. टॉर्चमध्ये सेल उलटा घातला तर लागेल का?" कठड्यावरून वाकून म्हणाले, "काढून फिरवून घाला."

"तुम्ही तर फिटर ना?" आईने मान वर करून विचारलं.

"आज सुट्टी आहे," अप्पा म्हणाले. "तोंडाला नाही."

आईने बल्ब उपसला, अर्धा फिरवून घातला, वाटी बसवली. डावी बाजू लागली. एलईडी असल्यामुळे लख्ख पांढरी. आता अर्धा मीटर पिवळा होता आणि अर्धा दुधासारखा. पेट्रोलचा काटा स्पष्ट दिसत होता. तळाला टेकत आला होता.

"मांडवाच्या रोषणाईसारखं दिसतंय," अण्णा म्हणाला.

"दिसतंय ना?" आई म्हणाली. "मग झालं."

सगळं परत बसवेपर्यंत अंधारून आलं. एक स्क्रू जास्तीचा उरला, तो आजही माझ्याकडे आहे आणि मीटर जागचा हललेला नाही. आईने हार परत बॉनेटवर घातला, बांगड्या चढवल्या आणि अण्णाला म्हणाली, "बस मागे."

"कुठे जायचंय?"

"पेट्रोल भरायला. काटा बघायचा असतो."

तो बसला. मी पुढे बसले. लिंबं चिरडत गाडी निघाली. रस्त्यावर प्रत्येक गाडीला हार, प्रत्येक चौकात फुटलेले कोहळे, त्यांच्यावरून लोक हळू चालवत होते, आणि आई सगळ्यांत व्यवस्थित चालवत होती. पंपावर टाकी भरली आणि काटा वर चढताना आम्ही तिघांनी पाहिला. अण्णा मागून पुढे वाकून बघत होता. परतताना तिने जयनगरचा रस्ता धरला, मग त्या तिघींची गल्ली. एकीच्या दारात गाडी थांबवून काच खाली केली आणि कन्नडमध्ये सांगितलं, की सुट्टी संपली की वर्ग आहे, नेहमीच्या वेळेला या, परत मी गाडीने सोडते. ती बाई गाडीचा हार बघून म्हणाली, "नवी घेतली का, अक्का?"

"जुनीच आहे," आई म्हणाली. "उजेड नवा."

घरी आल्यावर अण्णा जिन्यात मला म्हणाला, "तरी वय होतंच ना गं कधीतरी." मी म्हटलं, होईल तेव्हा ती सांगेल. तू ठरवायचं नाहीस. तो अजून सहमत नाही. मीही नाही. आमचं भांडण चालू आहे आणि आईची गाडीही.

दसऱ्याला सकाळी तो नागपूरचा मुलगा आला, नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आईने त्याला बसवलं, चहा दिला, आपट्याची पानं दिली आणि सांगितलं, "गाडी विकायची नाही, बाळा. तुझी सकाळ वाया गेली, ते चुकलं आमचं." तो गोंधळून अण्णाकडे बघू लागला. अण्णाने त्याचाच पेढा उचलून तोंडात टाकला. अप्पांनी उत्तरपूजा केली, पाटावरची हत्यारं एकेक करून पुसली आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर पेटीत ठेवला नाही. तो आता गाडीच्या कप्प्यात असतो, कुंकवाच्या डागासकट.

आई म्हणते, पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं ते लिहिलेलं असलंच पाहिजे. नुसता राग छापला, तर लोक त्यात भेळ बांधतात.

म्हणून लिहिते. तुमच्या घरात गेल्या काही दिवसांत कुणाच्या तरी हातातून एखादी किल्ली काढून घेतली गेली असेल. गाडीची, स्कूटरची, दुकानाची, कपाटाची. तुम्ही घेतली असेल, किंवा घेतली जाताना गप्प बसला असाल. आज दिवेलागणीला त्या माणसाच्या जागेवर जाऊन बसा आणि त्याला काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अंधार दिसला, तर स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच हातात द्या, तुम्ही टॉर्च धरा, आणि काम झालं की किल्ली परत करा.